बावीस पाळणे

१३ जानेवारी

माझ्या ओळीला कुणीतरी चिकटपट्टी लावून गेलंय!

सकाळी चहा घेऊन संगणक उघडला. पाळणाघराचं पान बघितलं, तर पहिल्याच वाक्याच्या शेवटी बारीक निळी अक्षरं — 'संदर्भ हवा'. वाक्य माझं. चार वर्षांपूर्वी लिहिलेलं. 'जोगेश्वरी पूर्वेचे चिवचिव पाळणाघर १९८३ साली माणिक परब यांनी सुरू केले.' एवढंच. ह्यात काय मागायचंय कुणाला?

लावणारा सदस्य अनय. ओळख ना पाळख. त्याच्या पानावर बघितलं — बारा वर्षं ह्या इंटरनेटवरच्या, कुणीही लिहावं अशा ज्ञानकोशात लिहितोय, फोटो नाही, गाव नाही. बहुतेक कामं अशीच. दुसऱ्यांच्या वाक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या.

मी बांगडा, सौंदाळा, टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी अशी पानं लिहिली. कधी कुणी संदर्भ मागितला नाही. बांगड्याबद्दल कोण भांडणार माझ्याशी!

१४ जानेवारी

पट्टी काढली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मी डोळ्यांनी पाहिले आहे.' वीस मिनिटांत परत लावली. कारण — 'डोळे हा संदर्भ होत नाही.' मी परत काढली. त्याने परत लावली. मी तिसऱ्यांदा हात घालणार, तेवढ्यात नंदकिशोर यांचा निरोप आला. हे प्रचालक. म्हणजे आमच्यातलेच, बिनपगारीच, पण भांडणाऱ्यांना काही दिवस बाहेर बसवायचा अधिकार ह्यांच्या हातात.

'दोघांनाही विनंती. एका दिवसात तीनदा एकमेकांचं उलटवलंत तर मला दोघांनाही थांबवावं लागेल. जे काय असेल ते चर्चापानावर. आणि आज संक्रांत आहे, आज तरी गोड बोला.'

संगणक बंद केला. लाडू वळायला बसले. पाक जरा कडक झाला.

१५ जानेवारी

प्रत्येक पानाच्या पाठीमागे एक चर्चापान असतं. पुढे पाहुण्यांची खोली आणि मागे मोरी, असं मी श्रुतिकाला सांगते. नातीनेच शिकवलं मला हे सगळं. टायपिंग, दुवे, निळी अक्षरं, लाल अक्षरं. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काय ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून.

तर मोरीत जाऊन बसले आणि सगळं लिहून काढलं. गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. आमचे हे, दत्ताराम, घरी. मला अंधेरीला औषधांच्या पॅकिंगमध्ये काम मिळालं. नितेश अकरा महिन्यांचा. कामाचा पहिलाच दिवस, पोराला कुठे ठेवू? शेजारच्या खोलीतून माणिकताई बाहेर आली आणि म्हणाली, "ठेव गो हयसर. एक काय नि दोन काय, पेज तीच." तिची दीप्ती तेव्हा तीन वर्षांची. तिथून सुरू झालं. मग बाकीच्या बाया बघून बघून आणायला लागल्या. वर्षभरात बावीस पोरं. अकरा वर्षं चाललं. चाळीच्या मंडळाने दारावर चिवचिव नावाची पाटी लावली ती चौऱ्याऐंशीत. पहिलं पोर माझं. मी साक्षीदार. आणखी काय पाहिजे?

दुपारी उत्तर आलं. 'मालनताई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण उद्या दुसरं कुणी येऊन म्हणालं, माझ्या आईने सुरू केलं, मी डोळ्यांनी पाहिलं, तर मी कुणाला हो म्हणू? वाचकाला तुम्ही दिसत नाही. त्याला छापलेला कागद दिसला पाहिजे. महिनाभर थांबतो. नाही मिळालं तर ओळ काढावी लागेल.'

बोलणं गोड. म्हणणं कडू.

भेंडी चिरली.

१८ जानेवारी

दीप्तीचा फोन. माणिकताई आता तिच्याकडेच असते, मुलुंडला. "मावशी, एक झकास बातमी आहे. आठ मार्चला आमच्या सोसायटीत आईचा सत्कार ठरलाय. भाषणं वगैरे नकोत म्हणाली आई. फक्त तिचं पान वाचायचं स्टेजवरून. सगळं, पहिल्यापासून."

मी म्हटलं, "वा."

"तू लिहिलंस म्हणून झालं गं हे. नाहीतर कोण ओळखतं आईला."

फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं. अनयचा महिना चौदा फेब्रुवारीला संपतो.

२१ जानेवारी

मुलुंडला जाऊन आले.

माणिकताई ऐंशीची. गुडघे गेलेत, आवाज तसाच. सोफ्याच्या मागे भिंतीवर पान लावलंय — जावयाने छापून, वर प्लास्टिक चढवून आणलेलं. गॅसवाला येवो, व्यायाम घ्यायला येणारी मुलगी येवो, प्रत्येकाला तिथे उभं करते. "वाच बघू जरा, माझा चष्मा खंय गेलो काय म्हाइत."

चष्मा नाकावरच असतो. माणिकताईला अक्षरओळख नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. ऐकून ऐकून तिला पान पाठ झालंय. मला वाचायला लावलं. मी 'सुरू केले' म्हणून पुढच्या ओळीवर गेले, तर म्हणाली, "माझा नाव नीट घे. खाल्लंस तू." परत वाचलं. डोळे मिटून ऐकत होती, देवळात आरती ऐकावी तशी.

भिंतीवरच्या पानात माझी जुनी चूक तशीच आहे — 'तेथे बावीस पाळणे होते.' बावीस पोरं होती, पाळणे दोनच. त्यातला एक माझा. उरलेल्यांना साडीच्या झोळ्या, नाहीतर सरळ जमिनीवर गोधडी. चार वर्षांपूर्वी लिहिताना घाईत कसं झालं कुणास ठाऊक. गेल्या डिसेंबरात श्रुतिकाने पकडलं — "आजी, दहा बाय बाराच्या खोलीत बावीस पाळणे? एकावर एक रचले होतेस काय?" तेव्हा सुधारलं. प्लास्टिकच्या आतलं कोण सुधारणार.

माणिकताईला पाळण्यांची संख्या खटकत नाही. बावीस म्हटलं की मान डोलावते.

निघताना म्हणाली, "मालन, आठ तारखेक हिरवा लुगडा नेसू काय जांभळा?"

जांभळं म्हटलं.

२२ जानेवारी

काही नाही. मागच्या पानावर जाऊन बघितलं. तो महिना मोजतोय.

२८ जानेवारी

आठवडा शोधण्यात गेला. मंडळाची एक्क्याण्णव सालची स्मरणिका माझ्याच ट्रंकेत निघाली. पाळणाघराबद्दल अर्धं पान आहे! पोरांचा फोटोही. पण सुरू कोणी केलं हे नाही. 'परिसरातील भगिनींनी' असं लिहिलंय. अध्यक्षांचे फोटो मात्र चार.

अनयला कळवलं. म्हणाला, 'छान, पाळणाघर होतं हे तरी पक्कं झालं. संदर्भ लावतो.' आणि लावला. माझ्यासाठी स्मरणिकेचं नाव, वर्ष, पान क्रमांक सगळं नीट बसवून दिलं. संदर्भ लावायचे ते कंस मला जमत नाहीत. हे त्याने न सांगता केलं. म्हणजे अगदीच कोरडा नाही.

ज्या बाया पोरं ठेवायच्या, त्यांतल्या तिघींना फोन लावले. दोन नंबर बंद. तिसरीकडे सुनेने उचलला. "सासूबाई गेल्या की गं मावशी, दोन वर्षं झाली."

साक्षीदारही संपत चालले.

४ फेब्रुवारी

मिळालं!! छापील! उपनगरातलं एक साप्ताहिक, त्यांचा गेल्या ऑक्टोबरातला नवरात्र विशेषांक. नऊ दिवस, नऊ बायका. सहाव्या माळेला माणिक परब! 'संपाच्या काळात जोगेश्वरीच्या माणिक परब यांनी १९८३ साली पाळणाघर सुरू केले...' स्पष्ट. नावासकट, सालासकट.

कंस चारदा चुकले. शेवटी श्रुतिकाने बसवून दिला. तासाभरात अनयने पट्टी काढली. खाली लिहिलं, 'मालनताई, अभिनंदन. मी हट्ट धरला त्याबद्दल राग नसावा.' नंदकिशोर यांनी चर्चा मिटली म्हणून वर हिरवी चौकट लावली.

मी लिहिलं, 'राग कसला. तुमचं काम तुम्ही केलंत.' मोठेपणा फुकट मिळत असेल तर घ्यावा.

संध्याकाळी आंबोळ्या केल्या. नितेशने सात खाल्ल्या. "काय गं आई, आज काय आहे?"

"तुझं पाळणाघर छापून आलंय."

"माझं?"

"मग कुणाचं? पहिलं गिऱ्हाईक तू."

६ फेब्रुवारी

आज सावकाशीने ते साप्ताहिक पुन्हा वाचलं. आनंद पुरवून पुरवून घ्यावा म्हणून.

तिसरी ओळ — 'त्या छोट्याशा खोलीत बावीस पाळणे होते.'

वाचली. परत वाचली. उठून पाणी प्यायले.

बावीस पाळणे जगात कुठेच नव्हते. जोगेश्वरीत नव्हते, माणिकताईच्या खोलीत नव्हते. ते फक्त माझ्या चुकीत होते. मी ते डिसेंबरात पुसले. साप्ताहिक ऑक्टोबरातलं.

म्हणजे लिहिणाऱ्याने माझंच पान उचललं. आणि मी त्याचं उचलून माझ्याच वाक्याखाली पुरावा म्हणून ठेवलं. स्वतःच स्वतःला जामीन राहिले!

७ फेब्रुवारी

आज संगणक उघडला नाही. कुळीथ निवडले.

१० फेब्रुवारी

दीप्तीला सहज विचारावं तसं विचारलं, "गेल्या नवरात्रात कुणी पेपरवालं आलेलं का गं ताईकडे? फोन वगैरे?"

"नाही बुवा. का? आलं असतं तर आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं असतं ना."

ते खरंच. लेखाबरोबर फोटोही नाही माणिकताईचा. एक पाळण्याचं चित्र टाकलंय, झालरीवालं.

आता हे ठाऊक असणारं माणूस एकच — मी. अनयला कळायचं कारण नाही. त्याला पाळणे दोन की बावीस, काय माहीत? आणि ओळ तर खरी आहे! चोरीचा माल नाही, आपलाच माल फिरून घरी आलाय. सत्कार महिन्यावर आलाय. ताईने जांभळ्या लुगड्यावरचं पोलकं शिवायला टाकलंय. मी गप्प बसले तर कुणाचं काय वाईट होतं?

कुणाचंच नाही. हेच चार दिवस फिरून फिरून मनात येतंय.

१२ फेब्रुवारी

सकाळी चावडीवर — आमच्या ज्ञानकोशात सगळ्यांनी जमायच्या पानाला चावडीच म्हणतात — एक जुनं भांडण वाचत होते. कुठल्याशा किल्ल्याच्या उंचीवरून दोघे जण तीन महिने भांडतायत. दोघेही आकडे लावतायत, पुस्तकं लावतायत. कुणाला घरी बसून फुरसतच फुरसत असेल असं वाटतं. पण वाचता वाचता लक्षात आलं, दोघांनी एकमेकांना एकदाही खोटारडा म्हटलं नाही. तीन महिने! आमच्या नळावर तीन मिनिटं नसतं जमलं. समोरचा खोटा पुरावा लावणार नाही एवढं धरूनच दोघे भांडतायत. तेवढं एक काढलं तर सगळं कोसळेल.

मग पाळणाघराच्या मोरीत गेले आणि लिहिलं —

'अनय, नंदकिशोर. साप्ताहिकाचा संदर्भ बाद धरावा. तो आपल्याच पानावरून घेतलेला आहे. बावीस पाळणे ही माझी चूक होती, पानाच्या बदलांच्या इतिहासात बघा, डिसेंबरात मी सुधारली. साप्ताहिकात तीच चूक आहे. ओळ मी स्वतः काढत आहे. मालन धुरी.'

आणि काढली. एक बटण दाबायचं असतं फक्त.

१३ फेब्रुवारी

अनय — 'बारा वर्षांत स्वतःचा जिंकलेला संदर्भ स्वतः काढणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं.'

ते मला माहीत होतं रे बाबा.

नंदकिशोर यांनी हिरवी चौकट काढली. पान आता सुरू होतं ते असं — 'चिवचिव पाळणाघर हे जोगेश्वरी पूर्व येथील एक पाळणाघर होते.' आपोआप उगवल्यासारखं.

मुलुंडला सांगितलं नाही अजून.

२० फेब्रुवारी

अनयचा निरोप, माझ्या पानावर. 'मालनताई, ओळ गेल्यापासून मलाच चैन पडेना. सुट्टी घेऊन एका जुन्या कागदांच्या संग्रहात जाऊन बसलो. अंधेरीला पूर्वी एक ट्रस्ट होता, पाळणाघरांना दूध पुरवायचा. त्यांचा १९८४चा छापील अहवाल मिळाला. चिवचिवची नोंद आहे, मुले बावीस. संस्थापिकेचं नावही आहे. पण ते तुम्हाला आधी दाखवावं असं वाटलं.'

खाली फोटो. पिवळा कागद, ठसठशीत अक्षरं. 'संस्थापिका : सौ. मालन दत्ताराम धुरी.'

त्याच्याखाली त्याने एकच ओळ लिहिलीय, 'ह्या तुम्हीच ना?'

२१ फेब्रुवारी

आठवलं. अख्खं आठवलं.

ट्रस्टचा माणूस फॉर्म घेऊन आला होता. पांढरा सदरा, दारातच उभा, चपला काढीना. एकाच रकान्यात छापलेलं — संस्थापकाचे नाव व सही. माणिकताईचे हात पिठाचे. पिठाचे नसते तरी काय, अंगठाच होता. त्या माणसासमोर शाई लावून अंगठा उठवायची तिला लाज वाटली. पदराने हात पुसत म्हणाली, "मालन, तू कर गो. तुझा अक्षर बरा आसा." मी केली. घाईत, उभ्या उभ्या. दूध आलं, रोज सकाळी दहा पिशव्या. कुणी कधी तो फॉर्म पुन्हा बघितला नाही.

चर्चापानावर हे सगळं लिहिलं. खरी संस्थापिका ती, मी फक्त सही केली. अहवाल चुकला नाही, फॉर्म चुकला, आणि फॉर्म मी चुकवला.

अनय — 'माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. तरी मी आत्ता त्याच जागी उभा आहे जिथे पहिल्या दिवशी होतो. छापील कागद एक सांगतो आणि तुमची आठवण दुसरं.'

शिवाय आता मला त्या पानाला हातही लावता येत नाही. पानात माझंच नाव यायचं म्हणजे माझा संबंध आला. संबंध असलेल्याने मोरीत बोलावं, दिवाणखान्यात येऊ नये, असा नियम. नियम चांगला आहे. मीच एका नगरसेवकाच्या भाच्याला समजावून सांगितला होता मागे.

२५ फेब्रुवारी

नंदकिशोर यांनी चार दिवस सगळ्यांना बोलू दिलं. आणखी दोघे येऊन गेले. एक म्हणाली, दोन्ही नावं घाला. दुसरा म्हणाला, एकही नको. शेवटी नंदकिशोर यांनी मतं मोजली नाहीत, कुणाचं कारण कशावर टेकलंय ते पाहिलं. निकाल — 'दुधाचा पुरवठा करणाऱ्या ट्रस्टच्या १९८४च्या अहवालात संस्थापिका म्हणून मालन धुरी यांचे नाव आहे.' असंच्या असं लिहायचं. आम्ही म्हणत नाही, अहवाल म्हणतो.

माणिक परब हे नाव पानात कुठेच नाही. नावाला कागद नाही म्हणून.

मी निकालाखाली लिहिलं, 'मान्य नाही, पण बरोबर आहे.' नंदकिशोर यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं.

२७ फेब्रुवारी

दीप्तीचा फोन. सत्कारासाठी नवं पान छापायला घेतलं तिने.

"मावशी, हे काय आहे? आईचं नाव कुठंय?"

मी सांगायला लागले. साप्ताहिक, पाळणे, ट्रस्ट, फॉर्म. मला स्वतःलाच ऐकताना ते लबाडीसारखं वाटत होतं.

"म्हणजे आईचं काढून तू तुझं नाव टाकलंस."

"मी नाही टाकलं गं. मला हातही—"

"पण आहे ना तुझंच? तूच लिहितेस ना तिथे? मग? भिंतीवरचं जुनंच वाचणार आम्ही. आईला कळायचं नाही. पण तू येऊन समोर बस आणि ऐक."

ठेवलाच फोन.

नितेशला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोड ना. जुनंच वाचू देत. कोण बघणार आहे?" ह्याच वाक्याने मी मागे सहा दिवस काढले. चव ओळखीची होती.

३ मार्च

दीप्तीला फोन लावला. उचलला नाही. मग लिहून पाठवलं — 'जुन्या पानात बावीस पाळणे आहेत. त्या खोलीत तू स्वतः झोपायचीस. किती होते ते आठव. आणि ताईला जे वाचून दाखवायचं ते तिला आधी सांगून दाखव. तिला वाचता येत नाही म्हणून आपण काहीही वाचायचं, हे मला नको वाटतं.'

दोन निळ्या खुणा.

५ मार्च

उत्तर — 'दोन होते. मी गोधडीवर.'

एवढंच. त्या एवढ्यावर दिवस बरा गेला.

७ मार्च

दीप्ती — 'आईला सांगितलं सगळं. म्हणाली, नवा वाचा. तू ये.'

दोनच शब्द! माणिकताई!

८ मार्च

गेले. आले. उद्या लिहीन.

९ मार्च

जांभळं लुगडं शोभत होतं. दीप्तीने नवं पान वाचलं, माझ्या नावाशी आली आणि अडखळली. माणिकताईने तिच्या हातातला माईक ओढून घेतला. "वाच गो पुढे. बरोबर आसा ता. मी खंय सुरू केलंय? ही मालन! कामाचो पयलो दिवस, पोर माझ्या दारात ठेवल्यान आणि धावत सुटली. बस चुकात म्हणान! मागे वळान बघूक नाय. 'ठेव' म्हणूक माका वेळ तरी दिल्यान?" सगळा हॉल हसला. दीप्तीसुद्धा. मीही हसले.

घरी येऊन चर्चापान उघडलं. 'ठेव गो हयसर. एक काय नि दोन काय, पेज तीच.' पंधरा जानेवारीची माझी साक्ष, जशीच्या तशी. बेचाळीस वर्षं तिच्या तोंडचं म्हणून सांगत आले.

त्या ओळीपुढे आज मीच लावलं — संदर्भ हवा.